चांगल्या घरातली

गेल्या वर्षी मे महिन्यात मी घरातला एक वाद जिंकलो, तो दुर्गाबाई खोट्यांच्या जोरावर. त्यांचं नाव तुम्ही ऐकलं नसेल, तरी चेहरा पाहिला असेल. 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई. एकीकडे नवरा अकबर, दुसरीकडे मुलगा सलीम, आणि दोघांच्या मधे उभी असलेली ती आई. वाद जिंकल्यावर दोन दिवस मी खुशीत होतो. तिसऱ्या दिवशी कळलं की या जिंकण्याची किंमत भलत्याच कुणीतरी मोजली आहे. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही: बरोबर गोष्ट घडवून आणण्यासाठी चुकीचं कारण वापरलं तर चालतं का?

आधी काय झालं ते सांगतो.

मी राजापूरचा. शिक्षण इंजिनिअरिंग, नोकरी सॉफ्टवेअरची, आणि गेली काही वर्षं महिन्यातले बरेच दिवस काम घरून. पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवलीचं पाणी जवाहर चौकात शिरलं की लाइट जाते, लाइटबरोबर वायफाय जातं, हे टीमला सांगून सांगून आता त्यांचंही पाठ झालंय. घरात मी 'शिकलेला'. त्यामुळे मोबाइल कुठला घ्यावा, एसआयपी करावी का, मुलांना पुढे कुठे पाठवावं, असले सगळे प्रश्न माझ्याकडे येतात.

माझी चुलतबहीण तेव्हा वीस वर्षांची, रत्नागिरीला कॉलेजात. एकांकिका करायची. एका स्पर्धेत तिला आणि तिच्या मैत्रिणीला एका दिग्दर्शकाने पाहिलं आणि नव्या व्यावसायिक नाटकात दोन लहान भूमिकांसाठी दोघींना विचारलं. तालमी मुंबईत, मग प्रयोग, मग दौरे. दोघींनी हिशोब मांडला. एक खोली भाड्याने घ्यायची, भाडं निम्मं निम्मं, राहिलेली परीक्षा बाहेरून द्यायची.

काका म्हणाले, "नाही."

कारण विचारलं तर म्हणाले, "आपल्या घरातल्या मुली असल्या ठिकाणी जात नाहीत."

इथे काकांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तरुणपणी ते वाडीच्या नमनात गवळण व्हायचे. शिमग्याला देवळासमोर लुगडं नेसून, गजरा माळून, पदर सावरत अशी काही गवळण उभी करायचे की म्हाताऱ्या बायका अजून आठवण काढतात. त्यांचा तसा एक फोटो आमच्या पडवीत फ्रेम करून लावलेला आहे. घराची इज्जत त्याने कधी कमी झाली नाही. पुरुषाने बाई होऊन नाचलं तर ती कला, आणि बाईने बाई होऊन उभं राहायचं म्हटलं तर 'असलं ठिकाण'. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. सुचलं दुसरंच.

मी म्हटलं, "काका, जोधाबाई आवडते ना तुम्हाला? त्या दुर्गाबाई सॉलिसिटरची मुलगी. मोठ्या घरात दिलेल्या. सेंट झेविअर्समध्ये शिकलेल्या. त्यांनी १९३१ साली सिनेमात काम केलं. पुढे पद्मश्री मिळाली, फाळके पुरस्कार मिळाला. आता तर सगळ्या चांगल्या घरातल्या मुली या क्षेत्रात आहेत."

काका गप्प झाले. चहा झाला. मग म्हणाले, "चांगल्या घरातल्या जातात म्हणतोस, तर जाऊ दे. पण त्या दुसरीबरोबर एका खोलीत राहायचं नाही. मी माझ्या मावसभावाकडे डोंबिवलीत सोय करतो."

मी लगेच "बरं" म्हटलं. मोठा मुद्दा पदरात पडला होता, लहान अटीवरून कशाला ताणायचं?

ती 'दुसरी' म्हणजे मैत्रीण. तिच्या घरात ती आणि तिची आई, दोघीच. आई पूर्वी मुंबईत ऑर्केस्ट्रात गायची. आता गावात वडापावची गाडी लावते. तिच्याबद्दल गाव काय बोलतं ते मी इथे लिहीत नाही. तुमच्या गावातही अशी एखादी बाई असेल आणि तिच्याबद्दल काय बोललं जातं ते तुम्ही ऐकलं असेल. मुलगी मात्र आमच्या बहिणीपेक्षा सरस नट. बहीण स्वतः तसं सांगते.

माझ्या 'बरं'चा परिणाम असा झाला की तिच्या वाट्याला अख्ख्या खोलीचं भाडं आलं. ते परवडणारं नव्हतं. तिने दिग्दर्शकाला नाही कळवलं.

ती मला एसटी स्टँडवर भेटली. रागावलेली नव्हती. हसत म्हणाली, "दादा, ते चांगलं घर कुठे भाड्याने मिळतं का बघा ना."

### ज्या नावावर सिनेमा विकला

घरी येऊन मी दुर्गाबाईंची गोष्ट नीट वाचायला घेतली. जिच्या जोरावर वाद जिंकला ती गोष्ट मला फक्त मथळ्यापुरती माहीत होती.

दुर्गाबाई म्हणजे माहेरच्या लाड, जन्म १९०५ चा. वडील मुंबईतले नामांकित सॉलिसिटर. लग्न खोट्यांच्या श्रीमंत घरात झालं, पण सासरची संपत्ती बुडाली. पदरात दोन मुलगे. शिकवण्या करून पाहिल्या. अशात जे. बी. एच. वाडिया सिनेमात एका बाईच्या छोट्या भूमिकेसाठी 'चांगल्या घरातली' मुलगी शोधत होते. त्यांनी आधी विचारलं दुर्गाबाईंच्या बहिणीला. तिने नकार दिला आणि दुर्गाबाईंचं नाव सुचवलं. पैशांची गरज होती. त्यांनी होकार दिला.

तो सिनेमा 'फरेबी जाल', १९३१ चा. मूकपट होता, शेवटी थोडा बोलका भाग जोडलेला. बाकी सिनेमात काय आहे याची दुर्गाबाईंना नीट कल्पनाही नव्हती. जाहिरात मात्र त्यांच्याच नावाने झाली, म्हणजे खरं तर त्यांच्या दोन घराण्यांच्या नावाने: अमक्या सॉलिसिटरची मुलगी, तमक्या घराण्याची सून. सिनेमा भिकार निघाला आणि गिरगावात गदारोळ झाला. टीका निर्मात्यावर झाली नाही. ती झाली लाडांच्या मुलीवर आणि खोट्यांच्या सुनेवर.

त्यानंतर पुन्हा कॅमेऱ्यासमोर जाणं सोपं नव्हतं. तरी पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, कोल्हापुरात प्रभातने पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' काढला आणि व्ही. शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली तारामती झाल्या दुर्गाबाई. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र. सिनेमा गाजला, आणि वर्षभरापूर्वी ज्या बाईला नावं ठेवली गेली तिच्याच नावाचा बोलबाला झाला.

पुढची पन्नासेक वर्षं त्यांनी काम केलं. एका कंपनीला बांधून न घेता कोल्हापूर, कलकत्ता, मुंबई असं जिथे काम चांगलं तिथे गेल्या. तेव्हा नट कंपनीचे पगारी नोकर असायचे, आणि त्या काळात एका बाईने हे केलं. 'अमरज्योती'त (१९३६) त्या सौदामिनी झाल्या. स्वतःच्या मुलाचा ताबा न्यायाने नाकारला म्हणून समुद्रावर चाचेगिरी करणारी बाई. 'साथी' या सिनेमाची निर्मिती केली. मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगभूमीवर 'भाऊबंदकी'तली आनंदीबाई केली. शिरवाडकरांनी मॅकबेथवरून केलेल्या 'राजमुकुट'मध्येही काम केलं. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६८ मध्ये पद्मश्री, १९८३ मध्ये दादासाहेब फाळके पुरस्कार. त्यांची सून विजयाबाई, म्हणजेच पुढे 'रंगायन'मधून मराठी प्रायोगिक रंगभूमीची दिशा बदलणाऱ्या विजया मेहता. 'वागले की दुनिया' ही मालिकाही दुर्गाबाईंच्याच निर्मितीसंस्थेची. आत्मचरित्राचं नाव त्यांनी ठेवलं 'मी, दुर्गा खोटे'.

हे सगळं वाचून मी आधी सुखावलो. म्हणजे माझा युक्तिवाद भक्कम होता तर! मग लक्षात आलं की काकांना मी या पन्नास वर्षांतलं काहीच सांगितलं नव्हतं. त्यांना सांगितली होती ती 'फरेबी जाल'ची जाहिरात: सॉलिसिटरची मुलगी, मोठ्या घरची सून. पुरस्कार नुसते शेवटी चिकटवले होते.

### दुर्गाबाईंच्या आधीच्या दुर्गाबाई

तारामतीची भूमिका दुर्गाबाई खोट्यांच्या आधी एकोणीस वर्षं कुणी केली होती माहितीय? अण्णा साळुंके नावाच्या माणसाने. १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांना बाई मिळेना. जाहिराती देऊन झाल्या, वेश्यावस्तीत जाऊन विचारून झालं, तिथेही नकार. शेवटी एका हॉटेलात काम करणारा साळुंके तारामती झाला. पुढे 'लंकादहन'मध्ये तर त्याने राम आणि सीता दोघांचंही काम केलं. आमच्या काकांची परंपरा जुनी आहे.

पण त्याच १९१३ मध्ये फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दोन बायका पडद्यावर आल्या. पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमला, तेरा वर्षांच्या आसपासची. दुर्गाबाई कामत नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, फिरत्या नाटक कंपनीत काम करून मुलीला एकटीने वाढवणाऱ्या. कमला म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले. नवरा लवकर गेला, तीन मुलगे त्यांनी नाटकात काम करून वाढवले. चंद्रकांत गोखले त्यांचा मुलगा, विक्रम गोखले नातू.

म्हणजे दुर्गाबाई खोट्यांच्या आधी अठरा वर्षं एक मराठी आई आणि मुलगी पडद्यावर येऊन गेल्या होत्या. तरी आपण वाचतो ते वाक्य असतं: 'दुर्गा खोटे यांच्यामुळे चांगल्या घरातल्या स्त्रियांसाठी सिनेमाचे दरवाजे उघडले.' वाक्य खोटं नाही. फक्त 'चांगल्या घरातल्या' या शब्दांवर बोट ठेवून पाहा. मग आधीच्या दोघींचं घर कसलं होतं? तिथे एक आई होती, कष्ट होते, मुलीला पोसण्याची जिद्द होती. नव्हता तो पुरुष. सॉलिसिटर बाप नव्हता, सासऱ्याची इस्टेट नव्हती.

घर चांगलं आहे की नाही हे आपण घरात कोण पुरुष आहे त्यावरून ठरवतो, आणि मग त्याचं ओझं घरातल्या बाईच्या डोक्यावर देतो. ऑर्केस्ट्रात गाऊन आणि वडापाव विकून मुलीला कॉलेजात पाठवणाऱ्या बाईचं घर या हिशोबात बसतच नाही. काकांच्या अटीत हाच हिशोब होता, आणि त्याला आकडे मी पुरवले होते.

### ब्राउझरमधलं कुलूप

माझ्या कामातलं एक उदाहरण देतो. फोनवर एखादी साइट उघडली की पत्त्याच्या शेजारी बऱ्याचदा कुलपाचं चिन्ह दिसतं. त्यामागे एक सर्टिफिकेट असतं. तुमचा ब्राउझर त्या साइटला ओळखत नाही, पण सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला ओळखतो, म्हणून साइटवर विश्वास ठेवतो. पत उसनी असते.

खूप लोकांना वाटतं की कुलूप आहे म्हणजे साइट चांगली आहे. तसं नसतं. कुलूप एवढंच सांगतं की पत्ता तोच आहे आणि मधे कुणी बोलणं ऐकत नाही. आत बसलेला माणूस प्रामाणिक आहे की लुच्चा, हे ते सांगत नाही. बँकेच्या नावाने फसवणाऱ्या साइटलाही कुलूप असतं.

१९३१ मध्ये सिनेमाच्या धंद्याने लाड आणि खोटे ही दोन आडनावं अशीच कुलूप म्हणून लावली. आत माल काय आहे याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. योगायोग असा की सिनेमाचं नावच 'फरेबी जाल' होतं. आणि हा काही एकदाच झालेला प्रकार नाही. १९३७ मध्ये 'जंटलमन डाकू' आला तेव्हा लीला चिटणिसांची जाहिरात महाराष्ट्रातली पडद्यावरची पहिली पदवीधर 'सोसायटी लेडी' अशी झाली होती.

अशा सर्टिफिकेटचा आणखी एक गुण आहे. ज्याने दिलं तो ते रद्दही करू शकतो. दुर्गाबाईंना 'फरेबी जाल'नंतर हेच अनुभवायला मिळालं. नाव लावलं तेव्हा घराण्याचं, चिखल उडाला तोही घराण्यावर, आणि धुवायचा तिने. बाईने काम कसं केलं हा प्रश्न दोन्ही वेळी कुणी विचारलाच नाही. 'चांगल्या घरातली' म्हणून जी आत येते, ती पहिल्या दिवसापासून घराकडे तारण असते. तिची चूक ही तिची राहत नाही.

माझ्या बहिणीचं आज तेच झालंय. तिच्या एका प्रयोगाचा फोटो कुणीतरी गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला तर फोन काकांना येतो, "अहो, मुलीचा ड्रेस पाहिलात का?" तिचं काम कसं झालं हे विचारायला मात्र कुणाचा फोन येत नाही.

### ज्यांना कुलूप मिळालंच नाही

याच काळातली दुसरी एक नटी घ्या. रतन साळगावकर, पडद्यावरचं नाव हंसा वाडकर. घराण्यात कलावंतिणींचा वारसा. बारा-तेरा वर्षांची असताना, १९३६ च्या 'विजयाची लग्ने'पासून तिने काम सुरू केलं, कारण घर चालवायचं होतं. 'संत सखू' झाली, 'लोकशाहीर रामजोशी' झाला. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'मध्ये तिने तमाशातली नाचणारीण केली आणि तो सिनेमा पुण्यात एकाच थिएटरला सव्वाशेहून जास्त आठवडे चालला. तिने आपलं आयुष्य अरुण साधूंना सांगितलं, ते आधी 'माणूस'मध्ये आलं आणि १९७० मध्ये 'सांगत्ये ऐका' याच नावाने पुस्तक झालं. दारू, मारहाण, फसलेलं लग्न, हातातून सुटलेलं मूल, काहीही न लपवता.

त्या पुस्तकावरून श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये 'भूमिका' काढला. हंसाबाईंचं आयुष्य पडद्यावर जगून दाखवल्याबद्दल स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. स्मिता पाटील फार मोठी अभिनेत्री होती आणि तो पुरस्कार तिच्या कामाचाच होता, त्याबद्दल वाद नाही. पण घरी मी हाच युक्तिवाद कसा केला असता, याची कल्पना करून पाहिली. "काका, स्मिता पाटील बघा, राजकारणातल्या मोठ्या घरातली मुलगी." काकांना पटलं असतं. आणि "काका, हंसा वाडकर बघा" असं म्हटलं असतं तर वाद तिथेच संपला असता. बाई तीच, आयुष्य तेच. जिने ते भोगलं तिचं नाव घेतलं तर दार बंद, जिने त्याचा अभिनय केला तिचं घेतलं तर उघडं.

यात दुर्गाबाईंची चूक नाही हे पुन्हा सांगतो. त्यांनी आपल्या आडनावाची जाहिरात करा असं कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांना पैसे हवे होते, काम मिळालं, आणि पुढे त्यांनी ते काम जीव तोडून केलं. चूक त्यांची गोष्ट सांगणाऱ्यांची आहे. म्हणजे माझी.

### पण फायदा तर झाला ना?

आता मूळ प्रश्न. माझ्या एका मित्राला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "तू उगाच त्रास करून घेतोयस. काकांना जे पटतं तेच बोलावं लागणार. बहीण नाटकात गेली ना? मग झालं."

हे सहज उडवून लावण्यासारखं नाही. सुधारणेचा इतिहास अशा युक्तिवादांनी भरलेला आहे. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहासाठी पराशरस्मृतीचा आधार शोधला, आपल्याकडे विष्णुशास्त्री पंडितांनी शास्त्रार्थाच्याच वाटेने तो लढा दिला. ज्याला शास्त्र पटतं त्याच्याशी शास्त्रातून बोलले. १८५६ मध्ये कायदा झाला. त्यांनी 'शुद्ध' युक्तिवादाची वाट पाहत बसायला हवं होतं का? नाही. विधवेचं आयुष्य तोवर थांबत नाही. तसंच दुर्गाबाई आल्यामुळे कितीतरी मुलींच्या बापांचं तोंड बंद झालं असेल. तो फायदा खरा आहे.

मग विद्यासागरांचं बरोबर आणि माझं चूक, असं का वाटतं? बरेच दिवस विचार केल्यावर मला दोन फरक दिसले.

पहिला असा. ज्या विधवांवर बंदी होती त्या सगळ्यांना पराशराचं वचन सारखंच लागू होतं. एकीसाठी दार उघडलं म्हणून तिच्याच शेजारी उभ्या असलेल्या दुसरीसाठी ते बंद झालं नाही. माझा युक्तिवाद तसा नव्हता. 'चांगल्या घरातल्या मुलीही जातात' या वाक्यात, ज्यांचं घर चांगलं मानलं जात नाही त्यांनी बाहेर राहावं, हे आधीच कबूल केलेलं आहे. काकांनी घातलेली अट म्हणजे माझ्या वाक्याचाच उत्तरार्ध होता. मी अर्धं बोललो, त्यांनी पूर्ण केलं. म्हणून तर मला त्यावर काही उत्तर देता आलं नाही.

दुसरा फरक इमॅन्युएल कांटने सांगितलेल्या एका कसोटीवर दिसतो. दुसऱ्यांच्या हक्कांना हात घालणारं जे धोरण जाहीर केलं की कोसळतं, ते अन्यायाचं असतं, असं त्याचं म्हणणं. मी ती कसोटी माझ्यापुरती लहान केली: जे बोललो ते, ज्याच्यावर परिणाम होणार आहे त्याच्यासमोर बोलू शकलो असतो का? विद्यासागर कुठल्याही विधवेसमोर आपला शास्त्रार्थ मांडू शकले असते. मी आमच्या पडवीत त्या मैत्रिणीला आणि तिच्या आईला बसवून, चहाचा कप हातात देऊन, "काका, आता चांगल्या घरातल्या मुलीही जातात" हे म्हणू शकलो असतो का? जीभ उचलली नसती. तिथेच मला कळायला हवं होतं.

म्हणून माझ्यापुरतं उत्तर असं. समोरच्याला पटेल अशा भाषेत बोलायला हरकत नाही. तडजोडीलाही हरकत नाही. पण तडजोडीत द्यायचं ते आपलं स्वतःचं असावं. मी काकांना दिलं ते त्या मुलीचं होतं, आणि ते देताना तिला विचारलंही नव्हतं.

### मग मी काय केलं

हे सगळं कळल्यावर पुढचं पाऊल सोपं असायला हवं होतं, पण नव्हतं. काकांकडे जाऊन "मी दिलेलं कारण चुकीचं होतं" असं म्हणायचं, तर ते म्हणणार, "मग तिला परत बोलावतो." चुकीच्या पायावर घर बांधलं की हा त्रास असतो. पाया बदलायला गेलं तर आतला माणूस पडतो.

शेवटी मी आधी बहिणीला फोन केला. तेव्हा कळलं की अटीबद्दल तिला माहीतच नव्हतं. मैत्रिणीने ऐन वेळी विचार बदलला, एवढंच तिला वाटत होतं, आणि ती मनातून तिच्यावर रागावलेली होती. फोनवर बराच वेळ काही आवाज नव्हता. मग म्हणाली, "बाबांशी मी बोलते. तू मधे येऊ नकोस. मागच्या वेळी आलास ते पुरे."

ती बोलली. काय बोलली मला माहीत नाही. ती परत आली नाही, नाटकातच आहे, आणि डोंबिवली सोडून नाटकातल्याच दोन मुलींबरोबर राहते. काका पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एके दिवशी वायफायचा पासवर्ड विचारायला आले.

मैत्रिणीला ती भूमिका मिळाली नाही. तोवर दुसरी मुलगी घेतली होती, तालमी पुढे गेल्या होत्या. तिने गावातच एका दुकानात नोकरी धरली. मी तिच्याकडे जाऊन माफी मागितली. "असू दे दादा" म्हणाली. तिच्या 'असू दे'ने माझं काही मिटलेलं नाही, आणि मिटू नये असंच मला वाटतं. संध्याकाळी ती गाडीवर आईला मदत करते. यंदाच्या एकांकिकेचं दिग्दर्शन ती करतेय. मी त्यांना तालमीसाठी जागा मिळवून दिली. ते काही मोठं काम नाही, आणि त्याने भरपाईही होत नाही.

पडवीतला गवळणीचा फोटो अजून तिथेच आहे. मागच्या आठवड्यात काका त्याच्यावरची धूळ पुसत होते. मी म्हटलं, "काका, तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं का हो, कुठल्या घरातले म्हणून?" ते काही बोलले नाहीत. फोटो परत खिळ्याला लावला, जरा वाकडा लागला तो सरळ केला आणि आत गेले.

दुर्गाबाईंची गोष्ट मी अजूनही सांगतो. ती सांगण्यासारखीच आहे. पण आता ती १९३१ पासून सुरू करत नाही. १९१३ पासून करतो: एक आई होती, तिची तेरा वर्षांची मुलगी होती, आणि दोघी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या.